मुलांना घेऊन कोकणात जाताना

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की कोल्हापुरातील घराघरांत एकच विषय निघतो : यंदा कोठे जायचे? कोणी मामाच्या गावी जातो, कोणी पन्हाळ्यावर चार दिवस काढतो. पण बहुतेकांची पावले कोकणाकडेच वळतात. आंबा घाट उतरला की गणपतीपुळे, करूळ किंवा फोंडा घाट उतरला की देवगड-मालवण, आंबोली उतरली की सावंतवाडी, वेंगुर्ले आणि पुढे गोवा. मुलांना समुद्र आवडतो, मोठ्यांना मासे आवडतात, आजीआजोबांना देवदर्शन घडते. अशी सहल सर्वांनी जरूर करावी. मात्र निघताना कपड्यांच्या बॅगा चारचार भरल्या जातात आणि मुलांच्या प्रकृतीचा विचार प्रवासाला लागल्यावर सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक कुटुंब मालवणहून परतताना रात्री थेट दवाखान्यात आले. सहा वर्षांची मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही. आदल्या रात्री जुलाब सुरू झाले होते. सकाळी गाडीत बसण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "घाटात उलटी होईल, तिला पाणी देऊ नका." वाटेत मुलीने तीन वेळा पाणी मागितले, तिला चमचाभर पाणी देऊन गप्प बसवले. सलाईन लावल्यावर पहाटे तिने डोळे उघडले, दुसऱ्या दिवशी ती खेळू लागली. आईने जाताना एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, आमचं चुकलं कुठं?" आईवडिलांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांना माहिती नव्हती, इतकेच. ती माहिती आज क्रमाने पाहू.

ठिकाण मुलाच्या वयावरून ठरवा

सहलीचे ठिकाण मोठ्यांच्या हौसेवरून ठरते आणि त्रास लहानांना होतो. एक वर्षाच्या आतील मूल असेल तर भर मे महिन्यात किनाऱ्यावर जाण्याची घाई करू नये. अशा घराने पन्हाळा निवडावा. कोल्हापूरपासून तो सुमारे २० किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून उंची ३००० फुटांहून थोडी अधिक असल्याने तेथे सकाळ-संध्याकाळ गारवा असतो. मूल आजारी पडले तर तासाभरात घरी परतता येते. मात्र तटबंदीवर आणि सज्जाकोठीसारख्या उंच जागी चालत्या मुलाचा हात सोडू नये.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फार ठिकाणे दाखवण्यात अर्थ नसतो. त्यांना वाळू, पाणी आणि झोप मिळाली की पुरे. एकाच गावी मुक्काम करावा. दोन दिवसांत पाच ठिकाणे उरकणारी सहल या वयाला सोसत नाही. जेवणाच्या वेळा चुकतात, दुपारची झोप बुडते आणि तिसऱ्या दिवशी मूल किरकिरे होऊन तापते.

सहा वर्षांपुढील मुलांना पाहण्यात रस येतो. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला त्यांना जरूर दाखवावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे पाहून मुले थक्क होतात. पण किल्ल्यात फिरताना ऊन चांगलेच लागते. म्हणून सकाळची पहिली होडी गाठावी आणि ऊन चढण्याआधी परत यावे. होडीत प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असावे. मोठ्याचे जाकीट लहान मुलाला घातल्यास पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते. ज्यांना रान पाहायचे आहे त्यांना राधानगरी-दाजीपूर जवळ आहे. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य १९५८ सालापासूनचे आहे. तेथे पहाटेच जावे, गडद रंगांचे कपडे टाळावेत आणि गवा दिसला तरी वाहनातून उतरू नये.

घाटात 'गाडी लागणे'

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंचीवर आहे. त्यामुळे कोकणात जायचे तर घाट उतरल्याशिवाय गत्यंतर नाही आणि घाट आला की मागच्या सीटवरून आवाज येतो, "आई, मळमळतंय!"

गाडी का लागते? आपल्या आतल्या कानात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळणे घेते तेव्हा कान मेंदूला सांगतो, "आपण हलत आहोत." त्याच वेळी मूल पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले असेल तर डोळे सांगतात, "आपण स्थिर आहोत." या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मेंदू गोंधळतो आणि मळमळ, उलटी सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हा त्रास विशेष आढळतो.

उपाय साधे आहेत. घाटापुरते तरी पुस्तक आणि मोबाईल बंद ठेवावेत. मुलाला दूरवरच्या डोंगराकडे पाहायला सांगावे, काच थोडी उघडावी, पण डोके वा हात बाहेर काढू देऊ नये. निघताना पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. सकाळी झणझणीत मिसळ आणि वर कट मारून आंबा घाट उतरायला गेले तर काय होईल हे सांगायला डॉक्टर नको. भाकरी-दूध, इडली, पोळी, केळे असे हलके खाणे दीड-दोन तास आधी द्यावे. चघळायला आलेपाक चालतो. उलटी थांबवणारी गोळी ज्यांना लागते त्यांनी ती मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि घाटात पोचल्यावर न देता निघण्यापूर्वी अर्धा-एक तास द्यावी. दोन वर्षांखालील मुलांना असली औषधे मनाने देऊ नयेत; त्यांपैकी काहींनी श्वास मंदावतो.

पाणी मात्र बंद करू नये. घोटघोट, पण वारंवार द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट द्यावा. लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसण्याची पद्धतही सोडावी. एकदम ब्रेक लागल्यास सर्वांत आधी तेच समोर आदळते. मुलांची जागा मागे.

कोकणातील उन्हाळा वेगळा का?

"आमच्याकडे पारा अडतीसला जातो, मग रत्नागिरीच्या तेहतिसाला काय घाबरायचे?" असे अनेकजण म्हणतात. येथेच फसगत होते. आपले शरीर घामाने थंड होते, म्हणजे घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कोल्हापूरच्या कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो. किनाऱ्यावर हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसताच ओघळतो. पाणी आणि मीठ अंगातून जाते, पण गारवा येत नाही. म्हणून पारा कमी असूनही तेथील उष्मा अधिक बाधतो.

मुलांचे शरीर आकाराने लहान असल्याने बाहेरची उष्णता लवकर शोषते आणि त्यांना मोठ्यांपेक्षा घामही कमी येतो. त्यातून खेळाच्या नादात त्यांना तहानेचे भान राहत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी पाजावे. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर बाहेर पडावे. मधला वेळ सावलीत, झोपेत, पत्त्यांत, गोष्टींत घालवावा. सैल सुती कपडे, रुंद काठाची टोपी आणि पायांत चपला असाव्यात. दुपारच्या वाळूने कोवळे तळवे अक्षरशः भाजतात.

ताक, लिंबाचे सरबत, कोकम सरबत, शहाळ्याचे पाणी, भाताची पेज ही आपली जुनी पेये उत्तम. बाटलीबंद गोड पेयांनी तहान भागल्यासारखी वाटते, परंतु त्यांतील साखरेने जुलाब असलेल्या मुलाचे जुलाब वाढतात. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज वरचे पाणी नको. त्याला अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

थकवा, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, मळमळ ही उष्म्याची पहिली सूचना होय. मुलाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, मिठाचे सरबत पाजावे. मात्र मूल बरळू लागले, झटका आला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात आहे. येथे तापाच्या गोळीचा उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत गार फडकी ठेवावीत आणि त्याच अवस्थेत रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

आणखी एक गोष्ट. "दोन मिनिटांत दर्शन घेऊन येतो" म्हणून झोपलेल्या मुलाला बंद मोटारीत ठेवू नये. उन्हातील बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते.

मे महिन्यातील गोळा आणि जून महिन्यातील कावीळ

जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि दवाखान्यात काविळीची मुले येऊ लागतात. आईवडील म्हणतात, "आठ दिवसांत बाहेरचं काहीच खाल्लं नाही." ते खरे असते. 'अ' प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात. विषमज्वरालाही साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून ज्या बर्फाच्या गोळ्याने घात केला तो तोपर्यंत विस्मरणात गेलेला असतो.

दूषित पाणी काय करू शकते हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीने कितीतरी घरांना तडाखा दिला होता. सहलीत तर पाण्याचा स्रोत रोज बदलतो. शक्यतो उकळलेले पाणी सोबत घ्यावे. मुक्कामी उतरल्यावर तेथे पाणी उकळून मागण्यात संकोच वाटू देऊ नये. बाटली घ्यायची तर झाकणाचे सील पाहावे. गोळा, कुल्फी, उसाच्या रसातील बर्फ यांत खरा धोका बर्फाचा असतो. तो पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. उसाचा रस बिनबर्फाचा आणि डोळ्यांदेखत काढलेला असावा. कापून ठेवलेली कलिंगडे, उघड्यावरची चटणी, भेळेतले चिंचेचे पाणी टाळावे. सालीची फळे, केळी, आंबा स्वतः धुऊन कापावा. गरम, नुकताच रांधलेला वरण-भात हा परगावी सर्वांत सुरक्षित आहार होय.

मासे खाण्यास हरकत नाही, पण ताजे आणि पूर्ण शिजलेले हवेत. आपल्याकडच्या अनेक मुलांनी कोळंबी, खेकडा, तिसऱ्या कधी खाल्लेल्या नसतात. पहिल्यांदा देताना थोडेच द्यावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर तातडीने दवाखाना गाठावा.

काविळीची आणि विषमज्वराची लस उपलब्ध आहे. दोन्हींविषयी आपल्या डॉक्टरांकडे सहलीच्या महिनाभर आधी विचारणा करावी. आदल्या दिवशी घेतलेली लस लगेच उपयोगी पडत नाही.

जुलाब लागलेच तर

जुलाब झालेले मूल बहुधा जंतूंमुळे मरत नाही, अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने मरते. यावरचे औषध साधे आहे आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. साखरेच्या मदतीने आतडे मीठ शोषते आणि मिठामागोमाग पाणी शोषले जाते, हे यामागील शास्त्र आहे. जुलाब चालू असतानाही ही क्रिया चालूच राहते. म्हणूनच "पाणी दिले की जुलाब वाढतात" हा समज चूक आहे.

जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पाकिटे निघतानाच चार-पाच घ्यावीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकावे. 'ओआरएस'सारखी दिसणारी गोड पेयेही दुकानांत असतात. त्यामुळे पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचा उल्लेख पाहावा. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मिठाचे माप चुकवू नये.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धी वाटी, आणि मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी होत असेल तर चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचा हलका आहार चालू ठेवावा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. त्यांनी आतडे सुस्त होते आणि घाण आतच राहते. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी.

सहा-आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यास सावकाश पूर्ववत होते, मूल गुंगीत आहे, शौचात रक्त आहे, यांपैकी काहीही दिसले तर सहल तेथेच थांबवावी. "घरी जाऊन आपल्या डॉक्टरांना दाखवू" असा विचार करू नये. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. घर गाठण्याच्या घाईत सहा मोलाचे तास गेले. वाटेतल्या कोणत्याही दवाखान्यात तिला हेच उपचार मिळाले असते.

समुद्र : सर्वांत मोठा धोका

पोटाचे विकार बरे होतात. समुद्रातील चूक बहुधा सुधारता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठजण बुडून मरण पावले. ती धडधाकट, तरुण माणसे होती. गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरूनही सुट्टीच्या दिवसांत अशा बातम्या येतच असतात.

आपण पंचगंगेच्या घाटावर किंवा विहिरीत पोहायला शिकतो. समुद्राचे पाणी वेगळे असते. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते आणि अनोळखी माणूस नेमका तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे आणि हात वर करून मदत मागावी.

भरती-ओहोटीची वेळ काढण्याचा कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. आपल्याकडील असंख्य कुटुंबे चतुर्थीला गणपतीपुळ्यास जातात. चारची पाऊणपट तीन, म्हणजे त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर रात्री नऊपर्यंत ओहोटी. दर्शन आणि प्रसाद आटोपून आपण मुलांना घेऊन पाण्यात उतरतो ती संध्याकाळी चार-पाचची वेळ नेमकी पाणी आत ओढणारी असते! हा हिशेब ढोबळ आहे. तेव्हा उतरण्यापूर्वी स्थानिक माणसाला किंवा जीवरक्षकाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर ऐकावे. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो, त्या वेळी पाण्यात उतरूच नये.

मुलांसाठी नियम एकच : ती हाकेच्या अंतरावर नकोत, हाताच्या अंतरावर हवीत. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज निघत नाही. ते मुकाट्याने, मिनिटा-दोन मिनिटांत बुडते. दहा मोठी माणसे किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे. म्हणून एका वेळी एका माणसाने 'पहारा' घ्यावा आणि त्याने त्या वेळात फोटो काढू नयेत, फोनवर बोलू नये. हवेच्या ट्यूबवर विसंबू नये, ती वाऱ्याने आत वाहत जाते. मद्य घेतलेल्या माणसाच्या स्वाधीन मूल करू नये.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यांत मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत शिरते. त्याला उताणे निजवावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने प्रथम दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा, दर तीस दाबांनंतर दोन श्वास. यालाच 'सीपीआर' म्हणतात. कोल्हापूरकरांना सीपीआर म्हटले की थोरला दवाखाना आठवतो. पण हा सीपीआर दवाखाना येण्यापूर्वी प्रत्येक आईबापाला आला पाहिजे. दुसऱ्या कोणीतरी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात दाखवावेच. काही तासांनी श्वासाचा त्रास उद्भवू शकतो.

विंचू, साप, गोचीड आणि काजूचा चीक

कोकणातील तांबडा विंचू मुलांना जीवघेणा ठरू शकतो. त्याचे विष हृदयावर परिणाम करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. परंतु औषध वेळेवर मिळाले तरच उपयोग. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय दिसले तर मंत्र आणि उतारे यांत वेळ दवडू नये.

सापांपैकी फुरसे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळांवर आणि आंबा-काजूच्या बागांत आढळते. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश दुखतही नाही. म्हणून घरगुती मुक्कामी मुलांना जमिनीवर उघडे निजवू नये. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी असावी. तिने डासही टळतात. रात्री परसात जाताना बॅटरी आणि चपला हव्यातच. सकाळी बूट झटकून घालावेत. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालवू नये आणि प्रतिविष मिळणारे सरकारी रुग्णालय गाठावे. मुक्कामी पोचल्यावर ते कोठे आहे एवढे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

दोडामार्ग, सावंतवाडी भागातील जंगलात जाणाऱ्यांनी माकडतापाची माहिती ठेवावी. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला हा रोग २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम आहे. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर अंग नीट तपासावे. आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही रानात गेलो होतो" हे आवर्जून सांगावे.

आपल्या मुलांना काजूची बोंडे नवीन असतात. ओली बी दातांनी फोडायला गेल्यास टरफलातील चिकाने ओठ आणि बोटे भाजून फोड येतात. आंब्याच्या देठाचा चीकही तसाच. असे झाल्यास साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे, फोड फोडू नयेत. आंब्याने अंगावर गळवे उठतात असे म्हणतात, पण गळवे घाम आणि अस्वच्छतेतून जंतूंमुळे होतात. आंबा पाण्यात भिजवून, देठ काढून, धुऊन द्यावा. दोन वेळा अंघोळ घालावी आणि मुलांना आंबा खाऊ द्यावा.

सोबत न्यावयाची पेटी

जलसंजीवनीची पाच पाकिटे; तापाचे औषध आणि त्यावर मुलाच्या वजनानुसार लिहून घेतलेले माप; तापमापक; गाडी लागण्याची गोळी; जस्ताची गोळी; जंतुनाशक मलम, कापूस, पट्ट्या; साबण; बॅटरी; मच्छरदाणी; आणि मुलाला दमा, फिट्स किंवा कसली ॲलर्जी असेल तर त्याची नेहमीची औषधे हाताशी असलेल्या पिशवीत. ती टपावरच्या बॅगेत बांधू नयेत. मुलाच्या खिशात वडिलांचे नाव व फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. जत्रेच्या गर्दीत ती उपयोगी पडते.

एवढे वाचून कोणी सहल रद्द करू नये. घरात बसलेल्या मुलापेक्षा वाळूत लोळलेले मूल अधिक निरोगी असते, असेच माझे मत आहे. त्या मुलीचे कुटुंब पुढच्याच वर्षी पुन्हा मालवणला गेले. जाण्यापूर्वी आई दवाखान्यात आली होती. पिशवीत पाच पाकिटे होती आणि लिटरचे माप असलेली बाटली. ती म्हणाली, "या वेळी तिनं मागितलं की पाणी द्यायचं, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय."